पोपटाच्या डोळ्याकडे बघू नका

नेमबाजीत आपल्याकडच्या कुणाला पदक मिळालं की आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागतो. फ्लेक्सच्या कोपऱ्यात हमखास धनुष्यबाण असतो, आणि सत्काराच्या भाषणात तिसऱ्या मिनिटाला तो पोपट येतो. द्रोणाचार्यांनी विचारलं, तुला काय दिसतं? अर्जुन म्हणाला, फक्त पोपटाचा डोळा. टाळ्या. मग शाल, श्रीफळ, फोटो.

मी गेली नऊ वर्षं कोल्हापुरात शाळकरी मुलांना दहा मीटर एअर पिस्तूल शिकवते. या नऊ वर्षांत त्या पोपटानं माझ्या बॅचचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं लाइट जाण्यानं केलेलं नाही आणि दहावीच्या क्लासेसनीही नाही. कारण पिस्तूल हातात घेऊन जो पोपटाच्या डोळ्याकडे बघतो, त्याची गोळी पोपटाला लागत नाही. फांदीला लागली तरी नशीब.

हे गमतीनं म्हणत नाहीये. हिशोब साधा आहे. पिस्तुलावर दोन साइट असतात. मागची रिअर साइट म्हणजे एक चौकोनी खाच. पुढची फ्रंट साइट म्हणजे नळीच्या टोकाकडचा एक छोटा चौकोनी ठोकळा. खाचेच्या बरोबर मध्ये ठोकळा, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत, असं ते जुळवायचं. एअर पिस्तुलात या दोघांमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरा. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे त्याच्या तीसपट लांब. आता ठोकळा खाचेत एक मिलिमीटर डावीकडे सरकला, तर टार्गेटवर पेलेट तीन सेंटिमीटर डावीकडे जातो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आहे. तीन सेंटिमीटर सरकलात म्हणजे तुम्ही सातात पोचलात. हाताएवढ्या अंतरावरच्या एका मिलिमीटरनं तीन गुण खाल्ले.

आता उलट बाजू बघा. साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या आहेत, पण ती जुळलेली जोडी टार्गेटवर तरंगतेय, आणि नेमकी पाच मिलिमीटर बाजूला असताना गोळी सुटली. तर पेलेट किती सरकेल? पाच मिलिमीटर. तरीही दहाच, कारण पेलेट साडेचार मिलिमीटरचा असतो आणि त्याची कड वर्तुळाला टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे टार्गेटवर जे हलताना दिसतं ते जेवढ्यास तेवढं माफक शिक्षा देतं, आणि खाचेत जे चुकतं त्याची शिक्षा तीसपट.

मग डोळ्यानं कुठे बघायचं? डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये चेहरा स्पष्ट आला की मागचा रंकाळा धूसर होतो, तसंच. फ्रंट साइट धारदार दिसायला हवी, तर टार्गेट हा एक मऊसर काळा ठिपका होऊ द्यावा लागतो. टार्गेट कुरकुरीत दिसतंय म्हणजे साइट धूसर झाली, आणि तीसपट शिक्षेचा कारभार सुरू झाला.

याहून मजा पुढे आहे. बहुतेक पिस्तूल नेमबाज दहावर नेम धरतच नाहीत. टार्गेटवरचं काळं वर्तुळ जवळपास सहा सेंटिमीटरचं असतं. त्याच्या खालच्या कडेच्याही खाली, कोऱ्या पांढऱ्या जागेत ते साइट आणून ठेवतात. रिअर साइटचा स्क्रू असा लावलेला असतो की पेलेट वर मध्यावर बसावा. काळ्यावर काळी साइट ठेवली तर कड दिसत नाही, पांढऱ्यावर दिसते, एवढं साधं कारण. म्हणजे आमच्या खेळात पोपटाचा डोळा फोडायचा असेल तर फांदीच्या खालच्या रिकाम्या हवेत नेम धरायचा, आणि पोपट धूसर दिसतोय यात समाधान मानायचं.

(जाता जाता: महाभारतात तो पोपट नाही. भास नावाचा पक्षी आहे, तोही खोटा, झाडावर बसवलेला, आणि अर्जुनाला त्याचं डोकं दिसतं. डोळा आणि पोपट आपण नंतर चिकटवलेत. धनुर्विद्येत लक्ष्याकडे बघतात हे खरं आहे, तेव्हा अर्जुनाची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती पिस्तुलाच्या सत्काराला त्याला बोलावणाऱ्यांबद्दल.)

तुम्ही म्हणाल, भाषणातली गोष्ट आहे, कुणाचं काय बिघडतं? मुलांचं बिघडतं. तेरा वर्षांचा मुलगा पहिल्या दिवशी पिस्तूल उचलतो. एक किलोच्या आसपास वजन, एका हातात, हात सरळ. तो डोळ्याकडे बघतो, म्हणजे दहाकडे. त्याला दिसतं की साइट दहावरून इकडून तिकडे पळतेय. आता त्याच्या डोक्यात एकच कल्पना येते: दहावर आली रे आली की दाबायचं. तो ट्रिगर झटकतो. बोट झटकलं की मनगटही झटकतं, आणि उजव्या हाताच्या मुलाचा पेलेट खाली डावीकडे जातो, घड्याळात सात-आठ वाजतात तिथे. असं वीस वेळा झालं की तो निष्कर्ष काढतो: माझा हात स्थिर नाही. घरी सांगतो. घरचे म्हणतात, बरं, मग बॅडमिंटन बघू.

हात कुणाचाच स्थिर नसतो. रेंजवर स्कॅट नावाचं एक यंत्र वापरतात. नळीला एक सेन्सर लावतात आणि नेम टार्गेटवर कुठे कुठे फिरला याची रेघ स्क्रीनवर उमटते. जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या पिस्तूलवाल्याची रेघ बघा. तो ठिपका नसतो, गिरगोटा असतो. आपल्यापेक्षा छोटा गिरगोटा, पण गिरगोटाच. फरक हा की तो गिरगोटा चालू असतानाच बोट सरळ मागे, सावकाश, वाढत्या दाबानं जात राहतं आणि खाचेतला ठोकळा जागचा हलत नाही. हे कौशल्य आहे. सवयीनं येतं. आणि कुणीही ‘हात स्थिर ठेव’ म्हणून ते येत नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर पोपटाला एक भाऊ मिळाला. तुर्कस्तानचा युसुफ डिकेच. तुमच्या फोनवर तो फोटो नक्की आलाय: टी-शर्ट, साधा चष्मा, एक हात खिशात, ना भिंगं ना पट्ट्या, आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक. आपल्या मीमवाल्यांनी ठरवलं की काका चहा प्यायला निघाले होते, वाटेत पदक घेऊन आले. माझ्या बॅचमधल्या चार पोरांनी दुसऱ्या दिवशी खिशात हात घातला आणि विचारलं, मॅडम, आता जमतंय का?

खिशात हात घालणं ही स्टाइल नाही. मोकळा हात लोंबत राहिला तर अंग हलवतो, म्हणून तो कुठेतरी अडकवायचा. कुणी खिशात घालतं, कुणी कमरेच्या पट्ट्यात. आमच्या हॉलमध्ये सगळेच ते करतात, त्यांचा फोटो कुणी काढत नाही. डिकेचच्या कानात इअरप्लग होते, ते मीममध्ये दिसत नाहीत. आणि पॅरिस हे त्याचं पाचवं ऑलिंपिक होतं. २००८ पासून तो जातोय. पहिलं पदक एकावन्नाव्या वर्षी मिळालं. ‘सामान लागत नाही’ असा या फोटोचा अर्थ निघतो, पण तो फोटो वीसेक वर्षांच्या सरावाचा आहे, आणि सराव फोटोत येत नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाची किम येजी भिंग आणि पट्टी लावून रौप्यपदक घेऊन गेली. तिचंही मीम झालं, ‘सायफाय खुनी’ म्हणून. दोघांच्या कपाळावरच्या सामानाची तुलना जगानं केली. दोघांच्या बोटाकडे कुणी बघितलं नाही.

तिसरा भाऊ मोटिव्हेशनल रीलमधला. हंगेरीचा कारोली ताकाच. १९३८ मध्ये सैन्यात असताना सदोष हातबॉम्ब उजव्या हातात फुटला. गडी डाव्या हातानं शिकला आणि १९४८ ला लंडनमध्ये, १९५२ ला हेलसिंकीत, रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं. पाठीमागे ढोल, शेवटी ‘जिद्द असेल तर’. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. पण जिद्द डाव्या हाताला ट्रिगर शिकवत नाही. ताकाचजवळ अपघातानंतर जे शिल्लक होतं ते म्हणजे साइट कशी दिसायला हवी, दाब कसा वाढवायचा, गोळी सुटल्यावर काय बघायचं याची माहिती. हात गेला, माहिती राहिली. तीच त्यानं नव्या हाताला दिली. अपघाताच्या पुढच्याच वर्षी तो हंगेरीचा राष्ट्रीय विजेता झाला, हे रीलमध्ये ढोल वाजवायच्या नादात निम्म्या वेळा गाळलेलं असतं. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात उपयोगी भाग तोच आहे.

तर मग सराव म्हणजे काय? इथे लोकांना वाटतं, पेलेट मोजायचे. ‘आज दोनशे मारले.’ मारले असतील. त्यातले किती बघितले?

माझ्याकडे पहिले काही आठवडे पेलेटचा डबा कपाटात असतो. मुलं कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी राहतात आणि ड्राय करतात, म्हणजे पेलेटशिवाय ट्रिगर. भिंतीवर टार्गेट नसतं. त्यामुळे बघायला जगात फक्त एकच गोष्ट उरते, फ्रंट साइट. ट्रिगर सुटताना ती उडी मारते का, कुठल्या बाजूला मारते, एवढंच सांगायचं. कंटाळवाणं असतं. दुसऱ्या आठवड्यात एखादी मुलगी म्हणते, मॅडम, सुटताना उजवीकडे हलली. त्या क्षणी ती नेमबाज झालेली असते, एकही पेलेट न मारता.

पाय हा भाग सगळे उडवतात, म्हणून सांगते. हात उचला, नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. साइट आता कुठे आहे? डावीकडे गेली असेल तर तुमचं शरीर डावीकडे बघू इच्छितं आणि तुम्ही स्नायूंनी त्याला उजवीकडे ओढून धरलं होतं. साठ शॉट ओढून धरता येत नाही. हात नाही हलवायचा, मागचं पाऊल हलवायचं, पुन्हा डोळे मिटायचे. ज्याला घाई आहे तो हे कधीच करत नाही आणि मग ‘शेवटच्या वीसमध्ये थकलो’ म्हणतो.

आणि हात खाली घेणं. साइट बसल्यावर सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर डोळा थकतो, छातीत हवा कमी पडते, आणि मेंदू म्हणतो, एवढं धरलंय तर मार आता. न मारता खाली घ्यायचं. मला विचाराल तर या खेळातलं सगळ्यात अवघड कौशल्य हेच, आणि ते पूर्ण फुकट आहे. साठ शॉटला पंचाहत्तर मिनिटं मिळतात, एका शॉटला सव्वा मिनिट. वेळ आहे. पण न मारलेल्या शॉटचा स्क्रीनशॉट काढता येत नाही. १०.९ चा काढता येतो, म्हणून स्टेटसला तेवढेच दिसतात.

घरी करणार असाल तर एक गोष्ट ओरडून सांगते. पेलेट दुसऱ्या खोलीत. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघायचं, आणि रिकामं असलं तरी भरलेलं आहे असंच धरायचं. माणसाच्या दिशेनं तोंड नाही, मस्करीतही नाही. पिस्तूल नसेल तर लिटरची पाण्याची बाटली सरळ हातात धरून उभं राहा. खांदा तयार होतो, खर्च नाही.

आता या सगळ्यातला माझा खरा राग. एका मोठ्या शहरातल्या एका अकादमीतून आलेली नववीतली मुलगी. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये. सहा आठवड्यांच्या उन्हाळी कोर्सनंतर तिला सांगितलं गेलं, तुझी एकाग्रता कमी आहे, हात स्थिर नाही, हा खेळ तुझा नाही. सुट्टीत मावशीकडे आली होती, मावसभाऊ माझ्या बॅचमध्ये, म्हणून हॉल बघायला आली. तिच्या पिशवीत जुनी कागदी टार्गेट होती, जपून ठेवलेली.

“मॅडम, माझा हात लई हलतो,” ती म्हणाली.

मी कागद उघडले. दहा शॉट. सगळे खाली डावीकडे, सहा-सातच्या भागात. बेरीज पासष्टच्या आसपास. आणि दहाच्या दहा एका पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जागेत. पुढचा कागद तसाच. त्याच्या पुढचा तसाच.

ज्याचा हात हलतो, जो ट्रिगर झटकतो, त्याचे शॉट अख्ख्या कागदावर उधळलेले असतात. एकाच जागी बसत नाहीत. एकाच जागी बसतात याचा अर्थ मुलगी दर वेळी अगदी तेच करत होती, आणि पिस्तूल दुसऱ्याच कुणाच्या डोळ्याला लावलेलं होतं. अकादमीचं सामायिक पिस्तूल, आधीच्या बॅचमधल्या कुणासाठी स्क्रू फिरवलेला. तो स्क्रू पुन्हा फिरवायला स्क्रूड्रायव्हर लागतो आणि अर्धं मिनिट. सहा आठवडे बेरीज वहीत लिहिली गेली, कागद कुणी बघितला नाही. आणि बेरजेवरून मुलीच्या मनाचं निदान करून टाकलं.

मी तिला सांगितलं. तिला पटलंही, बहुधा. पण पुढचं वर्ष दहावीचं होतं, आणि त्या कोर्सची फी एकदा गेली होती. ती परत आली नाही. मावसभाऊ सांगतो, आता कॉमर्सला आहे.

‘एकाग्रता’ हा शब्द त्या अकादमीच्या जाहिरातीत मोठ्या टायपात असतो. शहराशहरांत असतो. पालक त्यासाठीच पैसे भरतात: पोराची एकाग्रता वाढेल, अभ्यासात उपयोग होईल. आणि पोरगं चुकलं की तोच शब्द त्याच्यावर उलटवता येतो. कोचला काही शिकवायला लागत नाही. ‘एकाग्र हो’ ही सूचनाच नाही. कशावर? फ्रंट साइटच्या वरच्या कडेवर, हे सांगा. बोटाच्या पहिल्या पेरावर, हे सांगा. मग मुलं होतात एकाग्र, त्यांना कुठे अडचण आहे? मोबाइल गेमवर होतातच की.

मनाच्या नावानं निदान करायची ही सवय फक्त उन्हाळी कोर्सची नाही. टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, उरलेल्या वेळात तिनं शॉट पूर्ण केले. ५७५ गुण, बारावी, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. आपण काय म्हटलं? दबावाखाली कोसळली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं पात्रता फेरीत ५८० मारले, मग कांस्यपदक, मग सरबज्योत सिंगबरोबर दुसरं. आपण म्हटलं, पोलादी मन. साठ शॉटमध्ये पाच गुणांचा फरक, आणि त्यातला काही लिव्हरचा. पदकानंतर तिनं स्वतः काय सांगितलं तर आपण गीता वाचत होतो, आपलं काम करायचं आणि निकाल सोडून द्यायचा हे डोक्यात होतं. म्हणजे अर्जुन हवाच असेल तर तो सापडतो, पण कुरुक्षेत्रावरचा. तिथे त्याला फळ बघू नको म्हणून सांगितलंय. आमच्या भाषेत दहा बघू नको.

माझ्या एका मित्राचा आक्षेप असतो की तू उपजत गुण नाकारतेस. राही सरनोबत याच शहरातली, २०१८ ला जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात शूट-ऑफवर शूट-ऑफ खेळून सुवर्णपदक घेऊन आली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला. ते काय नुसत्या भिंतीकडे बघून आलं? नाकारत नाही. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत आठ जण उभे असतात तेव्हा त्या आठांमध्ये कुणाचे डोळे, कुणाचा खांदा, कुणाचं रक्त थंड, यानं फरक पडत असेल. पण २५ मीटरच्या रॅपिड भागात टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद लपतं. त्या तीन सेकंदांत खाली झुकलेला हात उचलून, साइट जुळवून, ट्रिगर सरळ मागे घ्यायचा. विचार करायला जागाच नाही. तिथे जे बाहेर येतं ते आधी हजारो वेळा केलेलं असतं. उपजत गुणाचा प्रश्न माझ्या हॉलमध्ये यायला अजून बराच अवकाश आहे. तिथे अजून रिअर साइटचा स्क्रू कुणासाठी लावलाय हा प्रश्न चालू आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती एवढीच असते की बेरीज विचारू नका, कागद बघा. पाच भोकं एका जागी असतील तर ती कुठेही असोत, पोराला आइस्क्रीम द्या. दोन दहा, एक पाच, एक आठ, एक कागदाबाहेर असेल तर त्या दोन दहांचा फोटो ग्रुपवर टाकू नका. आणि घरी येऊन पोरगं म्हणालं की आज मॅडमनी एकही पेलेट मारू दिला नाही, तर फी परत मागायला लगेच येऊ नका. तीन आठवडे थांबा.

नवी बॅच जूनमध्ये सुरू होते, शाळा उघडल्यावर. भिंतीला चुना मारून घेतलाय. स्क्रूड्रायव्हर दोरीनं टेबलाला बांधलाय, कारण तो सारखा हरवतो.